सोमेश्वररावांचं धोतर आणि माझा स्पीकर

सेनगाव, बुधवार

पुसेगावकर सोमेश्वररावांस संतरामचा दोन्ही हात जोडून रामराम.

घरची मंडळी खुशाल असतील. आपली कंबर कशी आहे? माझी लुंगी आपल्याला पुरली का? (घाईत जुनीच दिली गेली. नवी ट्रंकेत होती, चावी सापडंना.) रविवारी आपण चिरंजीव शिवशंकरसाठी आमच्या कोमलला पाहायला आले आन जे झालं, त्याचा खुलासा केल्याबिगर मला घास गोड लागून न्हाई राहिला.

कोमलच्या लग्नात भाड्याचा डीजे आणायचा न्हाई, घरचाच स्पीकर वाजवायचा, ही माझी जिद्द. (कोमलची आई म्हणते, नवरदेवाचा पत्ता न्हाई आन वाजंत्री तयार. असो.) प्लायवूडची पेटी ठोकली, पण आवाज वाढवला की पेटीच भणभण करी. हिंगोलीचा हार्डवेअरवाला म्हणला, आतल्या पोकळ जागांत फोम मारा. चौकटीच्या फटी बुजवतात तोच, डब्यातून फवारला की आपोआप फुगतो. डब्यावर लिहिलं होतं, थोडाच मारा. आता थोडं वाढायची आपल्याकडं सवय आहे का कोणाला? अख्खा डबा रिकामा केला. बघतो तर तळाला नुसता फेस. फसवलं लेकाच्यानं, असं म्हणून राहिलो तर तुमची जीप दारात.

खुर्च्या तीन, पाहुणे चार. कोणीतरी पेटीवर उशी ठेवून आपल्याला मानानं तिच्यावर बसवलं. (माझा संशय कोमलच्या आत्यावर आहे, तिला घाई फार.) पोहे झाले, चहा झाला, पोरीला शिक्षण विचारून झालं, आन तवर फोमानं पेटीच्या पुढच्या, स्पीकर बसवायच्या गोल भोकातून बाहेर येऊन आपलं धोतर धरलं. आपण "येतो आता" म्हणून उठले, तर पेटीही उठली. मी पेटी ओढली, आत्यानं धोतर ओढलं. आपण मातर कंबर धरून उभेच राहिले, हे आपलं मोठेपण. शेवटी धोतर आमच्याकडंच ठेवावं लागलं.

कोमलची आई तीन दिवसांपासून माझ्यावर चिडून आहे. सोयरीक माझ्या नादापायी गेली म्हणते. आपला निकाल काही असो, राग माझ्यावर धरा. पोरीचा यात काडीचा संबंध न्हाई.

आपला,
संतराम

ता. क. फोम दगडासारखा झाला, धोतर निघत न्हाई. पण खरं सांगू का, उरलेलं धोतर घडी करून आत कोंबलं आन स्पीकर बसवला, तर भणभण पार बंद. आता काढलं तर आवाज बिघडंल. परवानगी द्यावी. नवीन धोतरजोडी मी घेऊन देतो.

ता. क. दुसरा. काका, मी कोमल. पत्र टपालात टाकायला बाबांनी माझ्याकडं दिलं, म्हणून खाली लिहिते. उशी मी ठेवली होती. आत फोम ओला आहे हे मला माहीत होतं. मला इतक्यात लग्न करायचं नव्हतं, तुमी चिडून जावं म्हणून केलं. चुकलंच माझं. पण सगळे तोंडाला पदर-रुमाल लावून हसून राहिले होते, तेव्हा शिवशंकर हसले न्हाईत. तुमच्याभोवती चादर धरून, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. माझ्याकडून होकार आहे. लुंगी परत द्यायला त्यांनाच पाठवा. बसायला खुर्ची देईन.