हळदीच्या गाण्याची चोरी आणि अर्ध्या तासाचा ध्वनिक्षेपक

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
लोणावळा

विषय : येत्या शुक्रवारी सायंकाळी तुंगार्ली येथे अर्धा तास ध्वनिक्षेपक लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

मी सेवानिवृत्त ग्रंथपाल आहे. ठाण्याच्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेलो. समोर बोलणे जमत नाही, म्हणून लिहीत आहे.

१. माझी दिवंगत पत्नी रोशनबी हिने आमची मुलगी अम्मारा हिच्या हळदीत गाणे म्हटले होते. आमच्याकडे ही गाणी बायकाच म्हणतात आणि बायकाच ऐकतात. मुलीचे नाव गाण्यात गुंफलेले असते. कॅसेट भरू देताना रोशनबीने मला बजावले होते, "हे अम्माराच्या घरी वाजेल. बाजारात नाही." मी शब्द दिला होता.

२. नात अरफा हिच्या हळदीत ते वाजावे म्हणून कॅसेटचे गाणे पेनड्राइव्हवर घ्यायला मी मोबाईल दुरुस्ती व डीजेचा व्यवसाय करणाऱ्या प्रितम गरुड याच्याकडे गेलो. त्याने प्रत स्वतःकडेही ठेवली, त्यावर ढोलताशा चढवला आणि तुंगार्लीच्या भाड्याच्या बंगल्यांवर पार्टीला येणाऱ्या पाहुण्यांना नाचायला लावले. आता ते लोकांच्या मोबाईलवर आहे.

३. अरफाच्या हळदीत गाणे सुरू होताच मुलींनी ते पार्टीचे म्हणून ओळखले व शिट्ट्या मारल्या. अम्माराने पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "अब्बा, हे आता अम्मीचं राहिलं नाही."

४. मी प्रितमला जाब विचारला. तो म्हणाला, "आबा, कॅसेट तुमच्याकडेच आहे की. मग मी नेलं काय? उलट काकू व्हायरल झाल्या, खूश व्हा!" मी घरी येऊन पुस्तके चाळली. गाणाऱ्याचाही हक्क असतो असे वाचले. मला नीट समजले असेल तर. पण हे गाणे रोशनबीला तिच्या आईकडून मिळालेले, म्हणजे मुळात ते कोणाचे, इथे मी अडतो. कदाचित प्रितमचे बरोबर असेल. तरीही त्याला ते भोगायला लागावे असे मला वाटते. रोज वाटते.

५. तक्रार केल्यास पुरावा म्हणून गाणे द्यावे लागेल, म्हणजे आणखी एक प्रत. म्हणून तक्रार करीत नाही. परवानगी मागतो.

६. शुक्रवारी तुंगार्लीत प्रितमची स्वतःची हळद आहे. त्याची आजी भामाबाई रोशनबीची मैत्रीण. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत वाजणारा रोशनबीचा आवाज त्यांनी ओळखला आणि माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "तुमी जल्मभर पुस्तकंच वाचली, आबा. आता येक दिस तरी भांडा." प्रितम चौथीत जाईपर्यंत ज्या अंगाईशिवाय झोपत नसे, ती भामाबाई त्याच्या मांडवाच्या दारात म्हणणार आहेत. तिच्यात त्याचे घरातले नाव आहे आणि अंथरूण ओले करण्याबद्दल दोन कडवी आहेत. गाऊ का, असे त्यांनी मला विचारले नाही. ध्वनिक्षेपक लावू का, असे मी त्यांना विचारले. "व्हय, लावा की. आन् लय मोठ्यानं लावा," असे त्या म्हणाल्या.

७. परवानगीच्या नमुन्यात कार्यक्रमाचे स्वरूप लिहायचे होते. मी आधी 'सांस्कृतिक' लिहिले. ते खोटे वाटले, म्हणून खोडून 'सूड' लिहिले आहे. हे चालते की नाही, मला माहीत नाही. खाडाखोडीबद्दल क्षमस्व.

८. परवानगी नाकारली तरी भामाबाई गाणारच आहेत. मात्र तसे झाल्यास आवाज मांडवापुरता राहील. मला तो रस्त्यापर्यंत हवा आहे.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
अब्दुल शेखलाल आत्तार
लोणावळा
दि. २ डिसेंबर २०२४

सोबत : १. ओळखपत्राची प्रत
२. भामाबाई गरुड यांची संमती, अंगठ्यासह