एक कान उघडा

तळवडे,
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस,
गणराजचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोनवर आई तुमच्या वतीने बोलते आणि निम्मं स्वतःचंच घालते, त्यापेक्षा हे कागदावरचं बरं. अठ्ठावीस वर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेसशॉपमध्ये काढून तुमचे कान गेले, पण अक्षर अजून माझ्यापेक्षा सरळ आहे.

चाकणच्या कंपनीत प्रेसवर माझं ट्रेनीचं तिसरं वर्ष मार्चअखेर संपतंय. सुपरवायझर म्हणाले की २० मार्चच्या मेडिकलमध्ये पास झालास की एप्रिलपासून परमनंट. लग्नाचं ठरवताना सेलूच्या पूनमच्या घरच्यांनी पिंकीताईला तेवढंच विचारलंय. माझं नाव, रंग, उंची यांच्याशी त्यांना काही देणंघेणं दिसत नाही.

दुसरी बातमी वाचून हसू नका. मी बेस गिटार शिकतोय. चार जाड तारा असतात, सूर खालचा आणि घुमणारा. रूमवरचा मित्र नोकरी सोडून गावी गेला, तो ती ठेवून गेला. चिखलीत नानासाहेब म्हणून आहेत, त्यांनी तीस वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. दर रविवारी त्यांच्याकडे ड्रमवाला आणि दोघं गाणारे जमतात, त्यांच्यात मी बसतो.

उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने, चालल्यासारखी, तारेवरून न्यायची आणि शेजारच्या तारेवर टेकवायची, एवढंच काम आहे. त्यात माझे दोन दोष निघालेत. एक, मी तार फार जोरात ओढतो. नानासाहेब म्हणाले की ही तार आहे, बैलाची वेसण नाही. दुसरा, मी उशिरा शिरतो. ड्रमवाला छोट्या झांजेवर टिकटिक करून चार मोजतो, मग सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. मी दर वेळी मागे. काल म्हणाले की नवरदेव मांडवात पोचला तरी तू अजून वल्लभनगरच्या स्टँडवरच.

तुम्ही प्रेसच्या तालावर आयुष्य काढलंत. काही युक्ती असेल तर कळवा. आईला नमस्कार, आणि तुमचा हात माझ्या डोक्यावर असू द्या.

तुमचा
गणराज

*

वालूर, ता. सेलू,
१९ जानेवारी २०२५

चि. गणराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आई हसली. मी नाही हसलो. शिफ्ट करून आल्यावर माणसं मोबाइल घेऊन लोळतात, तू काहीतरी शिकतोयस.

ताल कानाने धरायचा नसतो, टाचेने धरायचा. भोसरीला माझ्या प्रेसचे मिनिटाला चाळीस स्ट्रोक पडायचे. जमिनीतून येणारा दणका टाचेत घ्यायचो आणि हात आपोआप चालायचे. तू ड्रमवाल्याच्या जवळ उभा राहा आणि त्याच्या पायातल्या मोठ्या ढोलाचा धक्का टाचेत धर.

प्रेसवर मात्र कान लागतो. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ते पाळतोयस ना? कंपनी देते ते बोळे दोन्ही कानांत कोंबायचे नाहीत, एक कान उघडा ठेवायचा. डायच्या साच्यात दोन पत्रे एकदम गेले की आवाज जड होतो, ते बंद कानाला कळत नाही. साहेब लोक मला म्हणायचे की अर्जुनरावाच्या हाताखाली डाय फुटत नाही.

मेडिकलला घाबरू नकोस. कानाच्या तपासणीत काचेच्या खोलीत बसवतात. बाहेर मशीनवर माणूस बसतो. तो बारीक-जाड आवाज सोडतो आणि आपण ऐकू आला की बटण दाबायचं. त्याच्या कोपराकडे बघ. आवाज सोडताना कोपर हलतं. मी अकरा तपासण्या अशा पास केल्या. तुला गरज पडणार नाही, पण माहीत असावं.

पिंकीची पोर आता धरून चालते. मोसंबीला भाव बरा आहे. जपून राहा आणि म्हाताऱ्याला पानभर तरी लिहीत जा.

तुझा
अप्पा

*

तळवडे,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न.

टाचेची युक्ती लागू पडली. ड्रमखालच्या लाकडी फळीवर एक पाय ठेवून वाजवलं तर मी अगदी वेळेवर असतो. फळीवरून उतरलो की पुन्हा मागे. नानासाहेब म्हणाले की लग्नात काय आता ड्रमवाल्याच्या मांडीवर बसून वाजवणार का.

ते मोबाइलवर एक टिकटिक लावून घरी सराव करायला सांगतात. माझ्या मोबाइलमध्ये ती नीट वाजत नाही, फार बारीक येते. शेवटी थरथर चालू केली आणि मोबाइल मांडीखाली ठेवला. आता सत्तरच्या वेगाने अर्धा तास न चुकता बोटं चालतात.

जोराचं मात्र सुटत नाही. मी ओढलेली तार गिटारच्या पट्टीवर आपटून कडकड वाजते, असं सगळे म्हणतात. मागच्या रविवारी त्यांनी रेकॉर्ड करून मला ऐकवलं. सूर छान घुमत होता. कडकड कुठे आहे ते मला काही सापडलं नाही. ड्रमवाला तोंड वेडंवाकडं करत होता. मला वाटतं, नवा म्हणून खेचतात.

तुमचं म्हणणं मी पहिल्या दिवसापासून पाळतो. डाव्या कानातला बोळा खिशातच असतो. सुपरवायझर आले की घालतो. मेडिकलचंही लक्षात ठेवलंय. लाइनवरच्या अजिंक्यला सांगितलं तर तो म्हणाला की कोपराची आयडिया इथे सगळ्यांनाच माहीत आहे, तुझ्या वडिलांनी पेटंट घ्यायला हवं होतं.

आईला सांगा की जेवण वेळेवर होतं. मला विसरू नका, म्हणजे पत्राला उशीर करू नका.

तुमचा
गणराज

*

वालूर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. गणराज यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. तीनदा वाचलं. आई फोन करते म्हणत होती, तिला थांबवलं. हे मीच सांगायला पाहिजे.

तुझा मोबाइल बिघडलेला नाही.

मी भोसरीला असताना माझ्याकडे गजराचं घड्याळ होतं, मनगटावरचं. पहिल्या शिफ्टला उठायला लावायचो. एक दिवस ते वाजेनासं झालं. दोनदा दुरुस्तीला नेलं. दुसऱ्या वेळी दुकानदाराने ते माझ्यासमोर वाजवलं. त्याच्या बायकोने आतून ओरडून बंद करायला सांगितलं, असं तोच म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा. मला काही ऐकू आलं नव्हतं. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो.

आधी बारीक आवाज जातात. जाड राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतं. झांजेची टिकटिक तुला ऐकू येत नाही, म्हणून तू उशिरा शिरतोस. कडकड येत नाही, म्हणून तू जोरात ओढतोस. तुझ्या नानासाहेबांना वाटतंय की दोष बोटांत आहे.

घड्याळाच्या त्या वर्षी मी तपासणीत कोपराकडे बघितलं नसतं, तर मला स्टोअरमध्ये टाकलं असतं. प्रेसवाला म्हणून मान होता, स्टोअरमध्ये कोण ओळखणार, असं वाटलं. पुढची वीस वर्षं प्रेसवरच राहिलो आणि उरलेलंही घालवलं.

एक कान उघडा ठेवायचा, हे मला माझ्या आधीच्या ऑपरेटरने शिकवलं. तो साठीत कुणाशी बोलत नसे. मला वाटायचं, गर्विष्ठ आहे. डाय माझ्या पायाला आणि हातालाही कळायची. कान फक्त मिरवायला होता. आणि ते मी तुला दिलं.

आजपासून दोन्ही बोळे घाल. २० मार्चला डोळे मीट. कोपराकडे बघू नकोस. जे येईल ते कागदावर येऊ दे.

अप्पा

*

तळवडे,
२ मार्च २०२५

ती. अप्पांस,
सा. न.

पत्र मिळालं. तीन वर्षं मी तुमच्या शब्दावर बोळा खिशात ठेवला. लाइनवरची पोरं हसायची, तर मी सांगायचो की माझा बाप अठ्ठावीस वर्षं प्रेसवर होता. आता अठरा दिवस राहिले असताना तुम्ही डोळे मीट म्हणता.

डोळे मिटले तर परमनंट गेलं. पूनमचं गेलं. स्टोअर तुमच्या काळी होतं. आता स्टोअरमध्ये कंत्राटी लोक आहेत, तिथे जागा कुणासाठी निघत नाही. बाहेर गेटवर रोज चारशे पोरं उभी असतात. पुढच्या वर्षी डोळे मिटेन. आधी नोकरी पक्की होऊ द्या.

कदाचित मळ असेल कानात. मी तेल घातलंय.

रविवारी सरावाला गेलो नाही.

गणराज

*

वालूर,
८ मार्च २०२५

चि. गणराज यास,
आशीर्वाद.

तू रागावलास, बरोबर आहे. मी काही बाजू मांडत नाही. फक्त आमच्या घरातलं एक लिहितो.

परवा पिंकीची पोर पहिल्यांदा काहीतरी बोलली. ओसरीवर सगळे होते. सगळे हसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग हसलो. मी नेहमी असाच हसतो, सगळ्यांच्या जरा मागे. पोर माझ्याकडे बघत होती. तुझ्या आईने पाटीवर लिहून दाखवलं की ती आजोबा म्हणाली.

पिंकी तुझ्या आईला म्हणाली की अप्पांना समजलं नाही तरी ते गोड हसतात. हेही आईनेच लिहून दाखवलं. तिला वाटलं मला बरं वाटेल.

तू सत्तावीसचा आहेस. ठरव. काहीही ठरवलंस तरी घर तुझंच आहे.

अप्पा

*

तळवडे,
२१ मार्च २०२५

तीर्थरूप अप्पांस,
गणराजचा शि. सा. न. वि. वि.

काल तपासणी झाली. आज एचआरने बोलावलं. प्रेसवर ठेवता येणार नाही आणि दुसरीकडे जागा नाही, म्हणून ३१ तारखेला ट्रेनिंग संपल्याचं पत्र देतील. साहेब चांगले बोलले. आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं. पिंकीताईला मीच फोन करून पूनमच्या घरी खरं ते सांगायला लावलं. तिकडून अजून काही आलेलं नाही, आणि येईल असं वाटत नाही.

संध्याकाळी नानासाहेबांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. बराच वेळ गिटारची पट्टी पुसत बसले. मग स्वतःचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले की यावर वाजव. मी त्यांच्या हातावर दोन बोटं चालवली. ते नुसती नकाराची मान हलवत होते, जोर जास्त, जास्त, अजूनही जास्त. शेवटी इतकं हलकं झालं की मला वाटलं मी वाजवतच नाहीये. तेव्हा म्हणाले की एवढंच, हे बोटांना पाठ कर, कानाला विचारू नकोस. लग्नात घेतील का ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तपासणीचं सांगायचं राहिलं. तुम्ही विचाराल म्हणून लिहितो. खोली काचेचीच होती. मशीनवर एक ताई होत्या. त्यांचं कोपर मला सरळ दिसत होतं. त्यांनी कानांवर हेडफोन लावले, बटण हातात दिलं, दार लावलं. मी तुमच्या म्हणण्याप्रमाणे डोळे मिटले.

उजव्या कानात चार-पाच जाड आवाज आले, मी दाबत गेलो. मग थांबलं. मग डाव्यात तसेच आले, पण तीनच. मग तेही थांबलं. मला वाटलं, त्या काहीतरी लिहून घेत असतील. जाड झाले, आता बारीक सुरू होतील म्हणून मी बटणावर अंगठा नीट धरला आणि श्वाससुद्धा हळू घेतला, कारण बारीक आवाज चुकायला नको होता. पुष्कळ वेळ तसाच बसलो. मग कुणीतरी खांद्यावर हात ठेवला.

डोळे उघडले तर ताई दार उघडून आत आल्या होत्या. मी विचारलं की बारीक आवाज कधी सुरू करणार. त्यांनी हेडफोन काढून घेतले आणि माझ्याकडे बघून सावकाश सांगितलं की दोन्ही कानांचे झाले.

१ तारखेच्या गाडीने येतो. बोलणं होईल तेवढं समोर बसून करू. तोवर लोभ आहे तसा ठेवा.

तुमचा
गणराज