उजवीकडचं एक बोट

बाबा, परवा तुमच्या गॅरेजमध्ये गेले होते. तुमच्याच म्हणते अजून, काकाच्या पोराचं तोंडात येत नाही. इतक्या वर्षांत त्या रेवदंड्याच्या रस्त्यानं गेले तरी मान वळवून बघितलं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हाही घरी आले, चौलच्या स्मशानघाटावर लांब उभी राहिले आणि परत फिरले, गॅरेजची पायरी चढले नाही. परवा त्यानंच फोन केला. "ताई, जरा येतेस का? काशीदच्या गिऱ्हाइकाची जीप हाय. बाहेरच्या उंच स्प्रिंगा टाकल्या चारी, तवापासून उजवीकडं कलते. स्प्रिंगा डावी-उजवीकडं फिरवून झाल्या, स्प्रिंगेखाली पॅकिंग घालून झालं. कल काय जात न्हाय. गिऱ्हाईक डोक्यावर बसलाय." मी म्हटलं, येते की. फोन ठेवला आणि इस्त्रीचा शर्ट काढला कपाटातून. कामाला जाताना इस्त्रीचा शर्ट कोण घालतं? पण मला त्या दारातून तसंच आत जायचं होतं.

कारण बाहेर पडले होते ती कशी, ते तुम्हाला आठवत असेल. जीपच होती तीही, आणि स्प्रिंगाही बाहेरच्याच, कंपनीच्या नव्हेत. तुम्ही आठवडाभर आधी सगळ्यांसमोर बोलला होतात, "ही गाडी हिनं एकटीनं सरळ उभी करून दाखवली, तर गॅरेजची चावी हिची." काकाला चावी आपल्या पोरासाठी हवी होती, तो तोंड वाकडं करून बसला होता. आईनं देवापुढं साखर ठेवली. मी ती जीप अशी केली बाबा, की रात्री डोळे मिटले तरी एकेक नट दिसायचा. मग तुम्ही तुमची ती गवंड्याची पाण्याची नळी काढलीत, एक टोक डाव्या मडगार्डाला लावलंत, एक उजव्या, आणि दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत थांबेपर्यंत बघत राहिलात. मी पाना हातात धरून उभी. तुम्ही म्हणालात, "एक बोट. उजवीकडं एक बोट खाली." गिऱ्हाईक बिचारा म्हणाला, मला तर सरळच दिसते. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही. काकाकडे बघून बोललात, "हिच्या हाताला तोल न्हाय. पोरीच्या जातीनं चुलीपाशी बसावं." आणि चावी काढून त्याच्या पोराच्या हातात दिलीत. सगळे हसले. तो पोरगा सोडून सगळे, हे खरं. तो खाली बघत होता.

त्या एका बोटानं माझी झोप खाल्ली. पनवेलला दुसऱ्याच्या गॅरेजात राबले, मग नागावला स्वतःचं उभं केलं, पाटीवर नाव टाकलं. आज काशीद-मुरूडपासून गाड्या येतात माझ्याकडे. पण प्रत्येक गाडी सोडताना मी दोनदा मोजते, आणि प्रत्येक वेळी तुमचा आवाज येतो, तोल न्हाय. मेलेल्या माणसाला शिव्या घालू नयेत म्हणतात. मी घालते. नट आवळताना घालते, म्हणजे जोर चांगला लागतो.

तर परवा. गाडीखाली गेले, नि हसूच आलं. डावीकडचे, चाक धरून ठेवणाऱ्या आर्मचे नट त्यानं गाडी जॅकवर असतानाच करकचून आवळलेले. चाक हवेत लोंबकळत असताना आवळलं की आतला रबरी बुश तसाच जखडतो. गाडी खाली ठेवली तरी तो पीळ धरून बसतो आणि ती बाजू उचलून धरतो. उजवीकडे भिंत जवळ, पाना फिरत नाही, म्हणून ती बाजू तो गाडी खाली उतरवून, पुढं ढकलून आवळतो. मग डावी वर, उजवी खाली. स्प्रिंगा हजारदा बदल, कल तिथंच राहणार! मी त्याचं पॅकिंग काढून फेकलं, सगळे नट ढिले केले, गाडी चाकांवर उभी केली, मडगार्डावर बसून चार हेलकावे दिले आणि मग सगळे नट आवळले. गिऱ्हाईक समोरून बघतो, मागून बघतो. "झाली ना सरळ!" तुमचा वारस माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या हाताला तुझ्यासारखा तोलच न्हाय गं ताई. इतकी वर्सं झाली, प्रत्येक गाडी उजवीकडंच कलते माझी." काय वाटलं सांगू? गोड वाटलं. तुम्ही ऐकायला हवं होतंत.

ते दोघं समोर चहाला गेले. मी एकटी राहिले आणि कोपऱ्यात तुमची तीच नळी टांगलेली दिसली. म्हटलं, मोजूनच टाकू, तुमच्याच नळीनं. पाणी थांबलं. उजवीकडं एक बोट खाली.

बाबा, तेच बोट! नळी हातातून निसटली, पाणी जमिनीवर सांडलं, आणि सांडलं ते सरळ धावत गेलं उजव्या भिंतीकडे, गटारात. पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून तुम्हीच तर जमीन तशी उतरती करून घेतली होती. आणि मग मला ती फळी आठवली. फुटक्या होडीची ती लांबलचक सागवानी फळी. मोजण्याआधी तुम्ही न चुकता ओरडायचात, "फळी घाल गं," आणि मी ती उजव्या चाकांखाली सरकवायची. कशाला म्हणून विचारलं तर, "सांगतो तेवढं कर." लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा तोडगा आहे. शोधली तर तिथंच, ड्रमांवर टाकून गिऱ्हाइकांना बसायला बाकडं केलेलं. मी ती ओढली, जीप तिच्यावर चढवली, नळीत पाणी भरून पुन्हा लावलं. केसाचाही फरक नाही.

चावीच्या त्या दिवशीही मी फळी घेऊन आले होते, बाबा. तुम्ही म्हणालात, "राहू दे आज." मला वाटलं होतं, आज माझ्यावर विश्वास आहे म्हणून. म्हणजे चूक नव्हती तुमची. तुम्हाला ठाऊक होतं. माझी जीप सरळ उभी होती, हे त्या अख्ख्या गर्दीत एकट्या तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही मला सगळ्यांदेखत वाकडी ठरवलंत. काकाला, तुमच्या भावाला, नाही म्हणायची हिंमत नव्हती, तर तसं सांगायचंत! मी रडले असते, भांडले असते, पण माझ्या हातांवर संशय घेतला नसता. आणि ज्याला चावी दिलीत त्यालाही फळीचं सांगितलं नाहीत. कसं सांगणार? ते सांगितलं असतं तर माझी जीप सरळ होती, हे तुमच्याच तोंडातून निघालं असतं. बिचारा इतकी वर्षं तुमच्याच नळीनं मोजून सरळ गाड्यांना उजवीकडे पॅकिंग घालतोय आणि स्वतःच्या हातांना दोष देतोय. अगदी माझ्यासारखाच.

तो चहा घेऊन आला, तोवर फळी पुन्हा ड्रमांवर होती. फळीचं एक वाक्य पुरलं असतं. जिभेवर आलंही. मी म्हटलं, "ही फळी मी नेते रे. बाबांची आठवण." त्याचे डोळे भरले. त्यानंच ती माझ्या गाडीच्या टपावर बांधून दिली, गाठ दोनदा तपासली.

आता ती माझ्याकडे भिंतीला उभी आहे. माझी जमीन सपाट आहे, मला तिचा उपयोग नाही. हे पत्र इथं ठेवणार नाही, तो आला तर त्याच्या हाती लागेल. आज सकाळी त्याचा पुन्हा फोन आला, दुसरी गाडी, कल जात न्हाय. मी म्हटलं, आण इकडं, मी बघते. लाज वाटायला हवी होती, बाबा. नाही वाटली.