नवरीचं पिंप

लिव्होर्नो
३ फेब्रुवारी १९९८

चि. इवो यास एर्सिलियाचे अ. आ.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आपला फोन स्वयंपाकघरात आहे आणि हे आईच्या कानावर जायला नको.

आमच्या कस्टम कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर दोनातेल्ला नावाची बाई बसते. परवा रविवारी ती नवऱ्याबरोबर बसने तिकडच्या टेकड्यांत वाइन चाखायला गेली होती. काल सकाळी कॉफी यायच्या आत तिने ती सहल साऱ्या कचेरीला ऐकवली. म्हणे एका घराच्या माळ्यावर लाखेने बंद केलेलं व्हिन सांतोचं, त्या गोड वाइनचं, पिंप आहे. मुलगी जन्मली त्या वर्षी बापाने ते भरलं, तिच्या लग्नात तिच्याच हातून उघडायचं म्हणून. मुलगी त्रेचाळीस वर्षांची झाली, पिंप आहे तिथेच आहे. मालक सांगतो की वाइन केव्हाच तयार झाली, नवरा मात्र अजून वेलीवरच लटकतोय. मग तो बसमधल्या बिनलग्नाच्या पुरुषांना पिंपावर टकटक करायला लावतो आणि आतून होकार येतो का ते कान देऊन ऐकतो. हसून हसून दोनातेल्लाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझं गाव कुठलं हे तिला ठाऊक नाही. मीही हसले. न हसणारी मी एकटीच उरले असते.

विनोद बरा जमला आहे. टकटक ही तुझीच अक्कल असणार, बाबा असते तर त्यांना ते सुचलं नसतं. मी रागावलेली नाही. पण तो आता बंद कर, एवढंच सांगायचं होतं.

आईच्या गुडघ्याला तेल चोळत जा. चि. सौ. लोरेदानाला माझी आठवण सांग. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवायची घाई नाही.

तुझी
एर्सिलिया


पोज्जारेल्लो
११ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस इवोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गोठ्यामागे जाऊन वाचलं. कान अजून गरम आहेत. पण तूही जरा माझ्या बाजूने बघ. लोक शहरातून येतात, वेल पाहून जांभया देतात, घाणा पाहून घड्याळ बघतात. तळघरात त्यांना थंडी वाजते. माळ्यावर तुझ्या पिंपापाशी आले की तेवढे जागे होतात. आणि हसलेला माणूस जाताना दोन बाटल्या जास्तच नेतो. मी तुझं नाव घेत नाही, तू कुठे असतेस तेही सांगत नाही. तुझी ती दोनातेल्ला इथेच यावी याला मी काय करू? उन्हाळ्यापर्यंत चालू दे, मग दुसरं काहीतरी शोधतो. नाहीतर तू लग्न कर, विनोद आपोआप बंद पडेल. (हे आईचं म्हणणं आहे, माझं नाही.)

धंदा बरा चाललाय, नजर न लागो. मागणी इतकी की यंदा मी तुझं सोडून माळ्यावरची सहाही पिंपं उघडली, दोन वर्षांनी उघडायची होती तीसुद्धा. आई म्हणाली, हावरटपणा आहे. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे. द्राक्षं दोऱ्यांवर छान सुकली आहेत. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले की घाण्यात घालू आणि पुन्हा सहाही भरू.

लोरेदानाने पाहुण्यांसाठी घर आरशासारखं लखलखीत केलंय. मागच्या खेपेला मिलानच्या एका बाईने रिकाम्या पिंपाच्या भोकाला नाक लावलं आणि आत काही मेलंय का म्हणून विचारलं. तेव्हापासून लोरेदानाला झोप नाही.

लहान भाऊ आहे, पदरात घे.

तुझा
इवो


पोज्जारेल्लो
२१ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

या पत्रात गंमत नाही.

मंगळवारी मी बाटल्या आणायला फ्लोरेन्सला गेलो होतो. लोरेदानाने सहाही पिंपं अंगणात उतरवली, कढत पाणी आणि सोडा ओतला, आत साखळी घालून खळाखळा हलवली आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतली. मी आलो तेव्हा पिंपं उन्हात उपडी ठेवलेली होती. लोरेदाना दमली होती आणि फार खूश होती. पाणी आधी कसं काळंकुट्ट येत होतं ते तिने मला हौसेने सांगितलं.

पणजोबांपासून एका रसातून दुसऱ्या रसात आलेलं ते विरजण, ताई. पिंपाच्या तळाशी बसणारा तो दाट काळा गाळ, ज्याच्यावर नवा रस ओतला की आपली वाइन होते आणि नाही ओतला तर नुसतं गोड पाणी राहतं. तुला हे सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय माझंच मला खरं वाटत नाही. ते सगळं अंगणातल्या मोरीतून खाली गेलं. तिला या घरात येऊन तीन वर्षं झाली. आईला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं आईने. मी नको ते बोललो. ती त्याच संध्याकाळी माहेरी प्रातोला निघून गेली आणि अजून आलेली नाही.

आई चुलीकडे तोंड करून बसते. शेजारचा सेस्तीलियो भला माणूस, आपल्या घरचं विरजण भांड्यातून घेऊन आला. आईने त्याला कॉफी पाजली आणि तसाच परत पाठवला. मग मला म्हणाली की आता दरसाल सेस्तीलियोचीच वाइन होणार असेल तर फाटकावरची पाटीही त्याच्याच नावाची कर.

आता घरात आपलं विरजण एकाच ठिकाणी उरलंय. तुझ्या पिंपात. ते आईशिवाय उघडता येत नाही आणि तुझ्याशिवाय तर नाहीच. शिवाय लग्नाचं कलम आहेच, जे मी स्वतः दर रविवारी पाहुण्यांना वाचून दाखवत आलो. द्राक्षं फार तर दोन आठवडे थांबतील, पुढे त्यांच्या मनुका होतील. घरची वाइन माझ्या हातून बुडाली, असं होऊ नये, ताई. मागायला तोंड नाही, तरी मागतो. उघडू दे.

तुझा
इवो


लिव्होर्नो
२५ फेब्रुवारी १९९८

चि. इवो यास अ. आ.

पत्र पोचलं. बायकोला बोललास ते वाईट केलंस. सहाही पिंपं एकदम तू उघडलीस, तिने फक्त धुतली.

उघडायला माझी ना नाही, पण एक अट आहे. ८ मार्चच्या रविवारी मी येते. पाहुण्यांच्या बसबरोबर येईन, तिकीट काढून. तू नेहमीसारखं सगळं दाखवायचंस, वेल, घाणा, तळघर. माझ्या पिंपापाशी नेहमीची गोष्ट नेहमीसारखीच सांगायचीस, वेलीवरच्या नवऱ्यासकट, टकटकीसकट. एक शब्द गाळायचा नाही. मी पुढच्या रांगेत उभी असेन. तुझं सांगून झालं की छिन्नी माझ्या हातात दे.

आईला एवढंच सांग की मी येते आहे.

तुझी
एर्सिलिया


लिव्होर्नो
१० मार्च १९९८

चि. सौ. लोरेदाना हीस एर्सिलियाचे अ. आ.

तू प्रातोला आणि मी इथे, म्हणजे रविवारी पोज्जारेल्लोला काय झालं ते तुला सांगणारं कुणी नाही. इवो सांगेल तर स्वतःला सोयीचं सांगेल. म्हणून हा कागद.

बस बोलोन्याहून आली होती, बहुतेक पेन्शनीतली मंडळी. आठ मार्च, महिला दिन, त्यामुळे बायकांच्या कोटांना मिमोसाच्या पिवळ्या डहाळ्या होत्या. मी फाटकापाशी तिकीट काढून त्यांच्यात मिसळले. इवोने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना म्हणतो तसं मलाही सुस्वागतम म्हणाला. वेल दाखवताना त्याचा आवाज ठीक होता. तळघरात तो एकच पिंप दोनदा दाखवून गेला, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. माळ्यावर चढलो तर आई आधीच तिथे येऊन खुर्चीवर बसलेली. गुडघे धरून ती शिडी कशी चढली, देव जाणे.

मग त्याने गोष्ट सांगितली. शब्द एकही गाळला नाही, तेवढं मान्य करायला हवं. पण इतकी वाईट सांगितली की कुणी हसलं नाही. टकटकीला पुढे या म्हणाला, तेव्हा एक विधुर म्हातारबुवा टोपी सावरत आले. टकटक करायच्या आधी त्यांनी सहज विचारलं की नवरी दिसायला कशी आहे. इवो लाखेवरची धूळ पुसायला लागला. मी रागावलेली नाही, असं मी त्याला लिहिलं होतं. पण त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला आणि कीवही आली. शेवटी तो म्हणाला, “नवरी इथंच उभी आहे. माझी थोरली बहीण आहे. तिलाच विचारा, मी आता काही विचारणार नाही.”

म्हातारबुवांनी डोक्यावरची टोपी काढली.

मी छिन्नीने लाख फोडली. बूच हलेना, इवोने हात लावू का विचारलं, मी नको म्हटलं. निघालं तेव्हा वास साऱ्या माळ्यावर पसरला. आत फार उरलं नव्हतं. त्रेचाळीस उन्हाळे त्या छपराखाली. बरंच उडून गेलं होतं. जे होतं ते काकवीसारखं दाट. आईने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून मान हलवली. मग मी इवोला म्हटलं की तिकिटात चाखणं धरलेलं असतं, लोकांना थांबवू नकोस. प्रत्येकाला चमचा चमचा आला. आधी गोड लागतं, मागाहून अक्रोडाच्या सालीसारखं कडू होतं, आणि ते कडू बराच वेळ जिभेवर राहतं. मला आवडलं. एका बाईने माझे दोन्ही गाल चुंबले, नवरीचे चुंबतात तसे, आणि आपली डहाळी माझ्या कोटाला लावली. नवरा कुठे, असं कुणी विचारलं नाही.

तळाशी विरजण होतं. वाळलं होतं, पण जिवंत होतं. बस गेल्यावर त्याच संध्याकाळी द्राक्षं घाण्यात घातली. विरजण एका पिंपापुरतंच पुरलं, बाकीची पुढच्या खेपेला त्यातूनच भरता येतील. इवोने रस ओतला, आईने देखरेख केली. नव्या पिंपावर लाख लावायला आई तुझी वाट बघते आहे. हे तिने बोलून दाखवलं नाही, पण लाखेची वडी तिने तुझ्या ॲप्रनच्या खिशात ठेवली आहे आणि ॲप्रन खुंटीवरून कुणाला हलवू देत नाही. इवोही रोज संध्याकाळी स्टेशनावर जाऊन कुणी उतरतं का पाहून येतो, विचारलं तर सिगारेट आणायला गेलो होतो म्हणतो. तेव्हा तू ये. चार दिवस त्याच्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

आणखी एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे मुलगी घर सोडते तेव्हा आई तिच्या हातात विरजणाची बरणी देते. तुला हे ठाऊक नसेल, तुझ्या माहेरी कापड विणतात. काल सकाळी निघताना आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर बरणी तयार होती, फडक्यात बांधलेली. रस ओतायच्या आधीच तिने तेवढं बाजूला काढून ठेवलं होतं, इवोच्या नकळत. म्हणाली, “तू लिव्होर्नोत घर केलंस तेव्हाच द्यायची होती. मी उगाच लग्नाची वाट बघत बसले. चुकलं माझं, बाई.”

मी बरणी उचलली आणि निघाले. गाडीत मात्र रडले, पोंतास्सिएवेपासून एम्पोलीपर्यंत, बरणी मांडीवर धरून. समोरच्या बाईने काळजीने विचारलं की बरणीत काय आहे. मी सांगितलं, आईने दिलंय, माझ्या घरी नेते आहे.

तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग. लोभ वाढला तर आता माझी हरकत नाही.

तुझी
एर्सिलिया