गाळलेलं ऊन

२० फेब्रुवारी
आमच्या मनस्वीचा रिपोर्ट आला. तीन वर्षांची पोर आणि व्हिटॅमिन डी एकदम कमी. पाय गुडघ्यांपाशी जरासे वाकलेत ते म्हणूनच. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले आणि रोज अंगावर ऊन घ्यायला सांगितलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. रत्नागिरीत राहून उन्हाची टंचाई. नेत्रा संध्याकाळभर तिचे पाय चोळत बसली होती. मलाही जेवण गेलं नाही. शेवटी जाहीर केलं: थेंब तुझ्याकडे, ऊन माझ्याकडे.

२१ फेब्रुवारी, सकाळी ७
गच्ची बाद. तीन जिने चढायचे म्हणजे माझे गुडघे बोलायला लागतात. आपल्या गॅलरीला सरकती काच आहेच. काचेतून ऊन गाळून येतं. धूळ नाही, वारा नाही, निव्वळ व्हिटॅमिन. मनस्वीला मांडीवर घेऊन बसलो. मस्त वाटलं.

२७ फेब्रुवारी
उठायला उशीर झाला. ऊन शेजारच्या बिल्डिंगवर निघून गेलं होतं. उद्या डबल घेऊ.

९ मार्च
सासूबाई बुरोंडीहून आल्या. नातीच्या काळजीने आल्या, पण येताना ओल्या जवळ्याची पाटीही आणली. म्हणाल्या, गच्चीत सुकत घालते, पावसाळ्याची सोय होईल. मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्याच घरच्यांनी गच्चीत मासळी सुकवली तर माझ्या शब्दाला कोण विचारणार?
तासाभरात नोटीस लावली: 'गच्चीत मासळी सुकत घालण्यास सक्त मनाई आहे.' सासूबाईंनी ती नेत्राकडून वाचून घेतली. बरां म्हणाल्या. माणूस समजूतदार.

४ एप्रिल
नोटिशीचा परिणाम उत्तम. वर जाऊन बघायची गरजच भासली नाही. जिन्यात वास येतो, तो वरच्या मजल्यावरच्या ऋत्विककडचा असणार. दुसऱ्या नोटिशीचा मसुदा तयार.

१९ एप्रिल
मनस्वी छान रापलीय. गॅलरीचा गुण. मार्चएंडच्या गडबडीत बसणं राहून गेलं ते गेलंच, पण आधीचं ऊन आत मुरलं असणार, लोणच्यासारखं. खिडकीत कावळा दिसला की पोर हाड् हाड् करत हात उगारते. धीट झाली. फक्त केसांना जवळ्याचा वास का येतो कळत नाही. नेत्राला शाम्पू बदलायला सांगितलं. ती हसली. कशाला, ते विचारायचं राहिलं.

१५ मे
नेत्राच्या हट्टापायी मीही रक्त दिलं, गुडघ्यांसाठी. घरात ऊन आणणाऱ्या माणसाला काय धाड भरलीय?

२० मे
तपासणी. मनस्वीचं व्हिटॅमिन वर आलं, पायही सुधारतायत. ऐकून डोळे भरून आले. हे खरंच लिहितोय.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थेंब झाले, पण उन्हाचं कोणी बघितलं? मी गॅलरीची पद्धत सविस्तर समजावली. त्या म्हणाल्या, कामाचं ऊन काचेच्या बाहेरच राहतं. मग मनस्वीनेच सांगून टाकलं की ती आजीबरोबर रोज गच्चीत जाते, आजी बाजारातून नवा नवा जवळा आणून सुकत घालते आणि ती कावळे हाकते. आणि बाबांना सांगायचं नाय, असंही. नेत्रा पंख्याकडे बघत होती.
नंतर माझा रिपोर्ट उघडला. आकडा मनस्वीच्या फेब्रुवारीतल्या आकड्याच्याही खाली. मलाही औषध आणि ऊन. काचेशिवाय.

२४ मे, सकाळी ११, गच्ची
गुडघे बोलले, तरी चढलो. सासूबाईंनी जवळ्याशेजारी पाट मांडून दिला. मनस्वीने आपली काठी माझ्या हातात दिली आणि झोपायचं नाय असं बजावलं. मला म्हणे. सेक्रेटरीला.

दुपारी १२
डोळा जरा मिटला. कावळ्यांनी एक कोपरा साफ केला. तेवढ्यात चेअरमन वर आले, मला माझीच नोटीस वाचून दाखवली, सहीसकट. सासूबाईंनी त्यांना वाटीभर सुका जवळा दिला. नोटीस खिशात घालून ते खाली गेले.
मनस्वीने काठी काढून घेतलीय. माझं काम आता एवढंच: गप्प ऊन खायचं, आणि कावळा आला तर तिला हाक मारायची.