ताडणाऱ्याची सही

३ नोव्हेंबर
आमच्या पुस्तकाच्या संपादिकेचा, एर्मेलिंदाचा फोन. पुस्तक छापायला धाडण्याआधी तिने आमची थोडी उदाहरणं मूळ दस्तांशी ताडून पाहिली म्हणे. १३१८ सालच्या एका विधवेच्या मृत्युपत्रात आम्ही त्यातून घेतलेलं वाक्यच नाही! “बाई, तुमची विधवा हे बोलली कुठे? मला तर तिची गाढवं आणि पितळी भांडीच सापडली.”
मी हसले. म्हटलं, तूच भलतं पान उघडलं असशील. गास्पारचं वाचन तीस वर्षांत चुकलेलं नाही. नवरा आहे म्हणून नाही सांगत.

५ नोव्हेंबर
दफ्तरखान्यात जाऊन आले. एर्मेलिंदाचं पान बरोबर होतं.

६ नोव्हेंबर
वीस वर्षं आम्ही दोघं एकच गोष्ट वेचतोय — सातशे वर्षांपूर्वीचे पोर्तुगीज लोक वेळ कशी सांगायचे. घड्याळ कुठलं त्यांच्याकडे! ‘द्राक्षं खुडायच्या आधी’, ‘राजा वेशीतून शिरताना’, ‘मी मरेपर्यंत’. ना तारीख, ना साल, नुसतं क्रियापद. तरी सगळं कळतं.
आमची रीत ठरलेली. गास्पार दस्ताच्या फोटोवरून मोठ्याने वाचणार, मी चिठ्ठीवर उतरवणार. मग मी स्वतः फोटो समोर धरून अक्षर न् अक्षर ताडणार. एक सही वाचणाऱ्याची, एक ताडणाऱ्याची. दोन्ही असल्याशिवाय चिठ्ठी खणात जात नाही.
आज ऐंशी चिठ्ठ्या तपासल्या. जुन्या चाळीस चोख. गेल्या चार वर्षांतल्या चाळीसपैकी सव्वीस वाक्यं कुठेच नाहीत! भाषा अस्सल, वळण अस्सल. असं खोटं फक्त त्यालाच जमेल. एक तर — ‘उजेड जायच्या आत एकदा तिचं तोंड पाहू द्या.’
कुणी म्हटलं हे? कुठल्याही दस्तात नाही.

११ नोव्हेंबर
सेंट मार्टिनचा दिवस. चेस्टनट भाजले, नवी वाइन काढली. आणि मी दुष्टपणा केला. “गास्पार, वाच ना जरा, माझे हात काळे झालेत,” म्हणत वर्तमानपत्र त्याच्या हातात उलटं दिलं.
तो घसा खाकरून वाचायला लागला. “मोंदेगु नदीत बैल पडला. पाद्रीबुवांनी दोर टाकून काढला. बैलापेक्षा पाद्रीबुवाच जास्त भिजले. ऐकतेयस ना गं?”
मी हसले. दुसरं काय करणार! मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रड रड रडले.

१२ नोव्हेंबर
जिने उतरतो, वाइन ओततो, दाढी करतो. कळणार कसं? माझ्याकडे जरा तिरकं बघतो अलीकडे. मला वाटायचं, या वयातही लाडात येतो! कडेचं दिसत असणार, नजरेतलं मधलं गेलं असणार.
आणि त्या सव्वीस चिठ्ठ्यांवर ताडणाऱ्याची सही कुणाची? माझी. फोटो उचललाच नव्हता मी. त्याचा आवाज ऐकत बसायचे. गास्पार वाचतोय म्हणजे बरोबरच असणार. शेजारी बसून मला दिसलं नाही, आंधळी तर मीच!

१५ नोव्हेंबर
एर्मेलिंदाला सांगितलं, चार वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाक.
“अहो बाई, मग उरलं काय? ‘आधी’चं अख्खं प्रकरण गेलं की!”
“जाऊ दे.”
“यंदा पुस्तक निघत नाही मग. पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही. गास्पारना काय सांगू? रोज फोन करून विचारतात, हातात कधी देतेस म्हणून.”
म्हटलं, चूक ताडणारीची आहे, तसंच लिही. त्याच्या नावाला डाग लागता कामा नये. त्याला मी सांगेन.
चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे तो. हे पुस्तक सोडून त्याने आयुष्यात काही मागितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

१६ नोव्हेंबर
सांगायला बसले. सूप गार झालं. नाही सांगितलं.

१८ नोव्हेंबर
सांगितलं. पुस्तकाचं, चिठ्ठ्यांचं, डोळ्यांचं, सगळं एका दमात. वाटलं, चिडेल, नाकारेल. तो टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिला. मग म्हणाला, “सव्वीस नाहीत. दोनशेच्या वर आहेत.”
“माझ्यापासून का लपवलंस रे?”
तो कोट घालून नदीकडे गेला. मी खिडकीतून बघत राहिले. कठड्याला हात लावत चालत होता. इतकी वर्षं मी हे बघितलं कसं नाही!

१९ नोव्हेंबर
सकाळी दाढी करता करता, माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलला. “पहिलं खोटं वाक्य मी मुद्दाम वाचलं होतं, लिओनिल्द. म्हटलं, तू ताडशील, पकडशील, माझ्यावर ओरडशील. मला माझ्या तोंडाने सांगावं लागणार नाही. तू सही केलीस आणि चिठ्ठी खणात टाकलीस. म्हटलं, ठीक आहे. उद्या पकडेल.”