बटन, बटन, बटन

३ नोव्हेंबर, सोमवार

पायल आली, जुळे सोलापूरहून स्कुटीवर. ह्यांची पुतणी. कॉम्प्युटरच्या हापिसात हाय. म्हणाली, "काकू, काकांकडे काम आहे. एका मोठ्या बस कंपनीची वेबसाईट करतोय आम्ही. दिसत नाही त्या माणसाला स्वतःचं तिकीट काढता येतं का, ते काकांनी बघून सांगायचं."

बघून सांगायचं म्हणे! मी हसले. हे तर माझ्या आधी हसले.

काचबिंदूनं डोळे गेले तेव्हापासून ह्यांचा फोन बोलतो. बोट फिरवलं की आतली बाई वाचून दाखवती. पण लाईटबिल, औषधं — सगळं मीच दाबते. चाचपडणं बघत बसायला मला दम निघत न्हाय.

५ नोव्हेंबर, बुधवार

तपासणी झाली. तिकीट निघालं. खरं नव्हं, नुसतं तपासायचं. पायल खूश!

आईचा फोन, मैंदर्गीहून. "यावाग बर्ती?" तिचं कानडीत एकच — कधी येतीस, कधी येतीस. मैंदर्गी काय लांब न्हाय. पण ह्यांना एकटं टाकून मुक्काम कसा करू? सकाळी जायचं, भाकरी खायची, बस गाठायची. दोन वर्षं असंच चाललंय. आई भांडी पण घासू देत न्हाय — बस चुकंल म्हणती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पायल तणतणत आली. तिच्या साहेबांनी, देवदत्तनी, परवाचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात माझाच आवाज! "खाली घ्या. अजून खाली. निळं बटन. अहो निळं! दाबा आता."

"काकू, तपासणी काकांची होती का तुमची?"

"मग काय तोंडाकडं बघत बसू?"

"हो! गप्प बसायचं!"

हे म्हणतात, "ते हिला जमायचं न्हाय. दुसरं काय तरी सांग."

लई हसू आलं दोघांना. मी चहात साखरच घातली न्हाय. मुद्दाम.

८ नोव्हेंबर, शनिवार

परत तपासणी. पायलनं मला स्वयंपाकघरात घालून दार लावलं. माझ्याच घरात! मी दाराला कान लावला.

गाडीतल्या जागांचं चित्र आलं असणार. फोनमधली बाई म्हणती, "बटन. बटन. बटन." खिडकीची कुठली, भरलेली कुठली — कायच न्हाय. मराठी ओळ आली की बाई गप्प. हे परत पहिल्यापासून. परत तेच. "उजवीकडं!" माझ्या जिभेवर आलं होतं. पदराचा बोळा तोंडात धरला.

"न्हाय जमत, पायल."

हळू बोलले. चादरीच्या लूमच्या खडखडाटात उभा जन्म गेला, हळू बोलायची सवय न्हाय ह्यांना.

म्हणजे मी सांगत होते म्हणून निघत होतं. आणि मी सांगत होते म्हणूनच, ह्यांना एकट्याला निघत न्हाय हे कुणाला कळलंच नव्हतं. मला बी न्हाय.

९ नोव्हेंबर, रविवार

ह्यांनी फोनला हात लावला न्हाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पायलनं समजावून सांगितलं. कंपनीचं गावोगावचं पान वेगळं, पण आतला साचा एकच. त्या साच्यात जागांना नाव द्यायचंच राहिलं. पान मराठी हाय हे पण सांगायचं राहिलं. म्हणून सगळ्या गावांत बाई मुकी.

हे उठून बसले. "म्हणजे आमच्या लूमवरचं जेकार्डच की! नक्षीच्या पुठ्ठ्यात एक भोक चुकलं की चादरीमागं चादर फूल वाकडं. चादर दुरुस्त करत बसायचं न्हाय. पुठ्ठा बदलायचा."

"तेच चाललंय, काका."

देवदत्तचं म्हणणं, असल्या लोकांना एक फोन नंबर देऊ, तिकडं विचारतील. पायल अडून बसली — "मग वेबसाईट कशाला? सगळ्यांनाच नंबर द्या!" माझ्यावर गेली पोरगी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

साचा बदलला, परत तपासणी. मी आपणहून बाहेर. ओट्यावर शेजारच्या यशोदाबरोबर मेथी निवडत बसले. देठं पण भाजीत टाकत होते. यशोदा म्हणाली, "लक्ष कुटं हाय तुमचं?"

आतनं बाईचा आवाज. "जागा सात. खिडकी. रिकामी." मराठीत!

मी उठले. बसले. परत उठले.

आतनं ह्यांची हाक, "निघालं गं!"

यशोदा दचकली. गल्लीला ऐकू गेलं असंल.

पायलला डब्यात लाडू दिले. देवदत्तला पण दिले, जाऊ दे. मला लई बरं वाटतंय. उगं जरा रिकामं पण वाटतंय. कशानं, ते कळंना.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वेबसाईट सगळ्यांसाठी सुरू झाली. हे खोलीचं दार लावून फोन घेऊन बसलेत. मी विचारलं, काय चाललंय? तर, "तू स्वयंपाकघरात जा."

२६ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या फोनवर तिकिटाचा मेसेज. पुण्याचं. आमची लेक सई असती तिथं. माणूस एकच! म्हटलं, चुकलं वाटतं. मग नाव वाचलं. ह्यांचं.

"अहो, आणि माझं?"

"मैंदर्गीला कुटं आधी तिकीट काढावं लागतं? मला सोडून जाता येत न्हाय म्हणतीस नव्हं? मीच चाललो सईकडं आठ दिवस. जा, ऱ्हा आईकडं."